शिवोलीच्या विहिरीतला सांजांव

मैत्रिणींनो, गोव्याला आपण जातो ते दिवाळीच्या नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत. भर पावसात, शाळा नुकत्या सुरू झालेल्या असताना कोण जातं? मी गेले! कॉलेजच्या हॉस्टेलात माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण बारदेशातल्या शिवोलीची. तिच्या धाकट्या बहिणीचं जानेवारीत लग्न झालं. "चोवीस जूनला सांजांव आहे, जावयाचा पहिला सांजांव, तू यायलाच हवं," असा तिचा हट्ट. शाळेतली माझी नोकरी अर्धवेळ, दोन दिवसांची रजा मिळाली. मुलांना सासूबाईंकडे सोपवलं आणि ह्यांना घेऊन निघाले. थिवीला गाडीतून उतरलो, म्हापशाला बस बदलली. शिवोलीला पोचेपर्यंत छत्र्या असूनही आम्ही दोघं निथळत होतो.

सांजांव म्हणजे साव जुआंव, संत जॉन. येशूला जॉर्डन नदीत बाप्तिस्मा देणारा योहान तो हाच. त्याच्या जन्मदिवशी गोव्यातले ख्रिस्ती लोक डोक्यावर पानाफुलांचं, वेलींचं मुकुटासारखं कडं घालतात. त्याला कोपेल म्हणतात. घुमट आणि कांसाळं वाजवत घरोघर फिरतात आणि वाटेतल्या विहिरींत, ओहोळांत धडाधड उड्या मारतात. शिवोलीत तर दोन होड्या एकत्र बांधून त्यांची सांगड करतात, ती सजवतात आणि गाणी म्हणत चॅपेलसमोरच्या पाण्यात आणतात. नव्या जावयाचा त्या दिवशी काय थाट! आपल्याकडे अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण आणि अनारशाचं वाण असतं ना, अगदी तस्सं. फरक एवढाच की, यांच्या जावयाला जेवणाआधी विहिरीत उडी मारावी लागते.

मैत्रिणीच्या आईला मीही मांयच म्हणते. पहाटेपासून मांयची गडबड. सान्नां उकडत होती, फणस कापून ठेवला होता, अननसाचा वास घरभर. जावयासाठी कोपेल तिनं स्वतः गुंफलं होतं. जावई आला, पाया पडला, पण कोपेल काही त्यानं डोक्यावर घेतलं नाही. लग्नानंतर तो एका नव्या प्रार्थनामंडळात जाऊ लागला होता. तिथं सांगतात की हा सण मुळात बायबलातला नव्हेच, सूर्यपूजकांचा आहे. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "मांय, जेवायला बसेन, पण उडी नको. बायबलात कुठं लिहिलीय?"

मांयचा चेहरा बघवेना. धाकटी तर आत जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच पुन्हा.

मी बी. ए.ला इतिहास घेतला होता, तेव्हा मला राहवेना. पण खरं सांगू का, त्या पोराचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. बायबलात योहानाच्या जन्माची तारीख नाही, येशूच्याही नाही. लूकच्या शुभवर्तमानात एवढंच आहे की, देवदूत मरियेकडे आला तेव्हा तिची नातेवाईक अलीशिबा हिला सहावा महिना चालला होता. म्हणजे योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. रोममध्ये इ. स. ३५४ च्या एका पंचांगवजा संग्रहात पंचवीस डिसेंबर हा येशूचा जन्मदिवस म्हणून नोंदलेला सापडतो. त्यातून सहा महिने मोजले की योहानाचा दिवस जूनच्या शेवटी येतो.

मग पंचवीस जून का नाही, चोवीस का? रोमन लोक तारखा उलट्या मोजत, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मागे. दोन्ही जन्मदिवस त्यांच्या हिशेबानं एक तारखेच्या आधीचा आठवा दिवस. डिसेंबर एकतीस दिवसांचा, जून तीसचा, म्हणून एका दिवसाचा फरक! आणि हेच दोन दिवस रोमन परंपरेत दक्षिणायन आणि उत्तरायण सुरू होण्याचे मानले जात. खरं अयन एकवीस-बावीसलाच होतं, पण जुनी तारीख चिकटून राहिली. आपण नाही का, उत्तरायण डिसेंबरात होऊन गेलं तरी संक्रांतीचा तिळगूळ जानेवारीत वाटत?

युरोपात या रात्री होळ्या पेटवायची चाल होती, अजून आहे. उत्तर आफ्रिकेतला बिशप संत ऑगस्टिन (मृत्यू इ. स. ४३०) तर एका प्रवचनात लोकांना रागावलाय की, योहानाच्या जन्मदिवशी समुद्रावर जाऊन जुन्या अंधश्रद्धेनं आंघोळी काय करता! म्हणजे पाण्याचं वेडही जुनंच. पण याच ऑगस्टिननं सूर्याचा अर्थ आपल्याकडे वळवूनही घेतला. "तो वाढला पाहिजे आणि मी कमी झालं पाहिजे" असं योहान येशूविषयी म्हणतो, म्हणून योहानाच्या जन्मापासून दिवस लहान होतात आणि येशूच्या जन्मापासून मोठे, असं तो सांगे.

आता मला सांगा, गोव्यात जूनमध्ये सूर्य दिसतो तरी कधी? इथं होळी पेटणार कशी, लाकडंच ओली! १५४३ साली बारदेश पोर्तुगीजांकडे गेला, सण त्यांच्याबरोबर आला, पण इथं त्याला भेटला तो पाऊस. उन्हाळ्यात तळ गाठलेल्या विहिरी तुडुंब भरलेल्या, शेतं लावणीला तयार. लोकांनी आगीऐवजी पाणी घेतलं. माझ्या मते हा भाग ना बायबलातला, ना रोमचा. तो मृगाच्या पावसाचा आहे.

हे सगळं मी ओसरीवर बसून हिरीरीनं सांगत होते. जावई ऐकत होता, मान हलवत होता, पण जागचा हलला नाही. तेवढ्यात मांय ओल्या हातांनीच बाहेर आली. बाई शाळा फारशी शिकलेली नाही, पण बायबल रोज वाचते. म्हणाली, "बाब, उडी लिहिलीय. मरिया दारात आली तेव्हा अलीशिबेच्या पोटातल्या पोरानं आनंदानं मारली, ती. पहिला सांजांव तोच. पोटात पोर उडी मारतं म्हणजे काय, ते मला विचार, चारदा कळलंय." आणि वळून स्वयंपाकघरात गेली.

जावई हसला. कोपेल मात्र त्यानं घेतलं नाही. ते खुंटीवरच राहिलं.

दुपारी गाणारी मंडळी आली. काहींनी फेणी अंमळ जास्तच घेतली होती आणि दरवर्षी कुठं ना कुठं अपघात होतो म्हणून मांय धास्तावली. तेव्हा हा जावईच उठला. सुंभाचा जाड दोर त्यानं विहिरीच्या रहाटाला बांधला, झिंगलेल्यांना हात धरून बाजूला बसवलं आणि पोरांना एकेक करून उडी मारू दिली. धाकटीनं त्याच्या खांद्यावर टॉवेल नेऊन टाकला. दोघं काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही.

इतक्यात मांयनं खुंटीवरचं कोपेल काढलं आणि चक्क ह्यांच्या डोक्यावर ठेवलं! "तूही कुणाचा तरी जावईच ना रे?" घरी बादलीतलं पाणी जरा गार लागलं तर ओरडणारे आमचे हे. चष्मा माझ्या हातात दिला, "व्हिवा सांजांव!" म्हणाले आणि मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत पाण्यात. कोपेल तरंगत राहिलं, हे दिसेनात. मग डोकं वर आलं, आणि जावयानं हसत हसत दोर खाली सोडला.