पाहिजे

मनुष्याचे मूल बोलू लागले म्हणजे आई-बाबांच्या नावांमागोमाग जो शब्द त्याच्या तोंडी येऊन बसतो, तो ‘पाहिजे’ हा होय. पुढे वय वाढते, खेळण्याच्या जागी पुस्तक येते, पुस्तकाच्या जागी शेत, घर, मानमरातब येतात; पण शब्द तोच राहतो. लाल मिरचीच्या हंगामात नंदुरबारच्या बाजारात घटकाभर उभे राहावे. पथारीवर वाळत पडलेल्या मिरचीभोवती हा एकच शब्द घुमत असतो. व्यापाऱ्याला माल पाहिजे, शेतकऱ्याला भाव पाहिजे, हमालाला मजुरी पाहिजे. सातपुड्याच्या डोंगरात भिली, पावरी, मावची बोलणारे लोक राहतात. तापीकाठी अहिराणी व गुजराती कानी पडते. या प्रत्येक बोलीत इच्छेसाठी स्वतंत्र शब्द आहे. इच्छा नाही असा माणूस नाही, म्हणून इच्छेला शब्द नाही अशी भाषाही नाही. मात्र प्रत्येक भाषा इच्छेकडे आपापल्या खिडकीतून पाहते.

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘पाहिजे’ या अर्थी ‘वॉन्ट’ हा शब्द प्रथम भेटतो. हा शब्द उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या भाषेतून सुमारे आठशे वर्षांपूर्वी इंग्रजीत आला. त्या वेळी त्याचा अर्थ ‘इच्छा करणे’ असा नव्हता. ‘उणीव असणे’ असा होता. ज्याच्या घरी धान्य नाही, त्याला धान्याची ‘वॉन्ट’ आहे, असे म्हणत. जे आपल्याजवळ नाही ते मिळावे असे वाटणे स्वाभाविकच असल्यामुळे, पुढे अठराव्या शतकात त्याच शब्दाला इच्छेचा अर्थ येऊन चिकटला व आज तोच मुख्य होऊन बसला आहे. जुना अर्थ मात्र पुसला गेला नाही. ६ जानेवारी १९४१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी जगातील सर्व माणसांसाठी चार स्वातंत्र्ये मागितली. त्यांतील एक ‘वॉन्ट’पासूनचे स्वातंत्र्य होते. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, त्याच्या प्रास्ताविकातही हाच शब्द आहे. तेथे कोणी ‘इच्छेपासून मुक्ती’ असा अर्थ केला, तर तो संन्याशाचा उपदेश होईल! भुकेल्याला अन्न व उघड्याला वस्त्र मिळावे, अभाव नाहीसा व्हावा, एवढाच त्याचा आशय आहे. सारांश, इंग्रजी शब्दाच्या मुळाशी रिकामे भांडे आहे.

मराठी ‘पाहिजे’ची जन्मकथा निराळी आहे. हा शब्द ‘पाहणे’ या क्रियापदापासून झाला. जुन्या मराठीत ‘करिजे’, ‘बोलिजे’ अशी कर्मणी रूपे होती. त्यांच्यातीलच ‘पाहिजे’ हे एक. जे पाहिले जाते, ज्याचा शोध घेतला जातो, ते ‘पाहिजे’. आजही मराठी माणूस पाहुण्याची वाट पाहतो, मुलीसाठी स्थळ पाहतो आणि अवघड काम एकदा करून पाहतो. या सर्व ठिकाणी नुसते डोळ्यांचे काम नाही. शोध आहे, धडपड आहे. इंग्रजी शब्दाची नजर रित्या हातांवर आहे, तर मराठी शब्दाची नजर वाटेवर लागलेली आहे.

पण या शब्दाची खरी थोरवी पुढेच आहे. ‘मुलाला पुस्तक पाहिजे’ हे एक वाक्य, आणि ‘मुलाने पुस्तक वाचले पाहिजे’ हे दुसरे. शब्द एकच, परंतु पहिल्यात इच्छा आहे, दुसऱ्यात कर्तव्य आहे. इंग्रजीत या दोन अर्थांसाठी सामान्यतः वेगवेगळे शब्द योजावे लागतात. मराठीने दोन्ही भार एकाच शब्दाच्या खांद्यावर ठेवले आहेत. फरक होतो तो प्रत्ययात. ‘मुलाला’ ही चतुर्थी, ‘मुलाने’ ही तृतीया. ‘ला’ प्रत्यय लागला की मनुष्य घेणारा होतो. ‘ने’ लागला की तो करणारा होतो. गावाला पाणी पाहिजे, हे खरे. पण गावाने पाणी अडविले पाहिजे, हेही तितकेच खरे. पहिले वाक्य बोलणे सोपे असते. दुसरे वाक्य उच्चारताच कुदळ हाती घ्यावी लागते.

इच्छेबरोबर जबाबदारी येते, ही जाण केवळ व्याकरणात नाही, लोकांच्या आचारातही आहे. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी सर्व सातपुड्यात प्रसिद्ध आहे. ज्यांनी नवस केलेला असतो, ते कित्येक दिवस आधीपासून कडक नियम पाळतात, आणि मग अंगावर नक्षी रेखून, मोरपिसांचे टोप घालून व घुंगरू बांधून रात्रभर ढोलाच्या तालावर नाचतात. नवस म्हणजे देवापुढे उच्चारलेली इच्छाच. मराठीत नवस ‘फेडतात’, जसे कर्ज फेडतात. मागणारा आपल्या मागण्याचा ऋणी असतो, हा विचार त्या एका क्रियापदात साठविलेला आहे.

या शब्दाचे दोन्ही अर्थ नंदुरबारच्या भूमीवर एकदा एकत्र आले होते. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस ‘छोडो भारत’चा ठराव झाला. देशाला स्वराज्य पाहिजे, ही इच्छा कोट्यवधी लोकांची होती. त्यानंतर महिनाभराने, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबारच्या रस्त्यावरून तिरंगा घेऊन एक मिरवणूक निघाली. तिच्यात शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा होता. त्याची मातृभाषा गुजराती, वय अवघे सोळाव्या वर्षात. पोलिसांनी मिरवणूक अडविली व गोळीबार केला. शिरीषकुमार आणि त्याचे चार सहकारी त्या दिवशी धारातीर्थी पडले. देशाला स्वराज्य पाहिजे, असे म्हणून घरी बसणारेही त्या काळी होतेच. आपण झेंडा धरला पाहिजे, असे ज्यांना वाटले, त्यांची नावे शहर आजही आदराने घेते.

प्रत्येक इच्छेसाठी एवढे मोल द्यावे लागत नाही, आणि प्रत्येक इच्छा तेवढ्या मोलाचीही नसते. ज्या इच्छेला ‘ला’ हा एकच प्रत्यय ठाऊक असतो, ती वाढत वाढत हाव होते. तिचे भांडे कधीच भरत नाही. जी इच्छा ‘ने’कडे वळते, तिच्यातून विहिरी खणल्या जातात, शाळा उभ्या राहतात, देश स्वतंत्र होतात. मला काय पाहिजे, हे सांगावयास लहान मूलही लवकर शिकते. त्यासाठी मी काय केले पाहिजे, हे ज्या दिवशी ते स्वतःस विचारते, त्या दिवशी त्याचे शिक्षण सुरू होते.