मिठाचा खडा

जावयाच्या नोकरीबद्दल आणि जावयाच्या गाडीबद्दल सासऱ्याने नेहमी गोडच बोलावं, असा आमच्या घराण्याचा दंडक आहे. माझ्या सासऱ्यांनी तो माझ्या बाबतीत पाळला. माझ्या स्कूटरला ते शेवटपर्यंत 'वाहन' म्हणत. मीही तो दहा वर्षं निष्ठेने पाळला आणि अकराव्या वर्षी, सातासमुद्रापलीकडे जाऊन, मोडला. तेसुद्धा चार आकड्यांसाठी!

लेक अमेरिकेत, साल्ट लेक सिटीला असते. तिच्याकडे आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी गेलो होतो. जावईबापूंकडे दोन गाड्या. एक भाजी, शाळा, डॉक्टर यांसाठी. दुसरी कुठेच न जाण्यासाठी. ही दुसरी म्हणजे १९८७ सालची पोर्श ९२८. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, आणि हेडलाइट असे की नको असतील तेव्हा बॉनेटमध्ये उताणे पडून आभाळाकडे बघतात. उन्हाळ्यात गच्चीवर पडून चांदण्या मोजणाऱ्या माणसासारखे. बटण दाबलं की दचकून उठून बसतात. लेक या गाडीला 'माझी सवत' म्हणते, पण तिच्यावरची धूळही तीच पुसते.

एका सकाळी चहा पिताना जावईबापू सहज म्हणाले, "बाबा, सप्टेंबरात गाडी मिठावर नेतोय. दोनशे सत्तर काढायचा विचार आहे."

मला वाटलं, सत्तर डॉलर. मीठ तिकडे महाग असेल.

ते ताशी २७० किलोमीटर म्हणत होते. कारखान्याने त्या गाडीचा वरचा वेग कागदावर तेवढा दिलेला आहे, आणि तो खरा की खोटा हे एकदा स्वतः पाहावं, एवढीच त्यांची माफक इच्छा होती. मी मनातल्या मनात हिशेब केला. सेकंदाला ७५ मीटर. पुणे-मुंबई अंतर तेहतीस-चौतीस मिनिटांत! आमच्या सौभाग्यवतींना घरातून निघताना गॅस बंद केलाय की नाही हे परत परत बघायलाच तेवढा वेळ लागतो. पण दंडक तो दंडक. मी म्हटलं, "वा! छान!"

'मीठ' म्हणजे बॉनविलचं मैदान. गावापासून पश्चिमेला पावणेदोनशे किलोमीटरवर, नेवाडाच्या हद्दीला लागून. एका प्राचीन सरोवराचं पाणी आटलं आणि मीठ उरलं. दर हिवाळ्यात त्यावर पाणी साचतं, उन्हाळ्यात वाळतं, आणि पांढरंशुभ्र, सपाट आंगण तयार होतं. १९३५ मध्ये माल्कम कॅम्बेल या इंग्रजाने तिथे ताशी ३०१ मैलांचा विक्रम केला. १९६७ मध्ये न्यूझीलंडचे बर्ट मन्रो नावाचे गृहस्थ, वयाच्या ६८ व्या वर्षी, १९२० सालची, घरच्या घरी कानस मारून सुधारलेली 'इंडियन' मोटारसायकल घेऊन ताशी १८४ मैलांनी गेले. अडुसष्टाव्या वर्षी मी जिना चढताना मध्ये एकदा थांबतो. आणि खुद्द ९२८ सुद्धा १९८६ मध्ये अल होल्बर्ट या शर्यतपटूने तिथे ताशी १७१ मैलांनी, म्हणजे २७५ किलोमीटरने, नेलेली आहे. जावईबापूंना ही तारीख आमच्या लेकीच्या वाढदिवसापेक्षा जास्त पाठ आहे.

आता माझी अशी भाबडी समजूत की गाडी जोरात न्यायची म्हणजे तिचं इंजिन मोठं करायचं, वर एक पंखा लावायचा आणि बाजूने लाल पट्टा ओढायचा. प्रत्यक्षात जावईबापूंनी माझ्या हाती एक यादी दिली. एकशे बारा कलमांची! "बाबा, तुम्ही ऑडिटमधले. मी काम करत जातो, तुम्ही वाचून खूण करा."

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्यांवर खुणा केल्या. निवृत्तीनंतर हातातली लाल पेन्सिल गेली ती गेलीच होती. ती परत मिळाल्यावर मी दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच गॅरेजात हजर! सौ. म्हणाली, "घरात दूध आणायला सांगितलं तर गुडघा दुखतो." मी ऐकू न आल्यासारखं केलं.

यादी वाचता वाचता एक गंमत ध्यानात आली. एकशे बारा कलमांपैकी गाडी जोरात पळवणारी कलमं चार-पाच. उरलेली सगळी ती थांबावी, फुटू नये, पेटू नये, आणि हे सगळं झालंच तर आतला माणूस वाचावा, यासाठी. लग्नाच्या यादीत नवरा-नवरीचा उल्लेख एका ओळीत आणि बाकी सगळं पाहुण्यांचं, तसं.

कारणही जावईबापूंनी समजावलं. गाडीला अडवते ती हवा. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो हटवायला इंजिनाची ताकद आठपट लागते. अडीचशेवरून दोनशे सत्तरवर जायचं, म्हणजे वाढ फक्त वीसची. पण त्या विसासाठी ताकद चौथाईहून अधिक जादा हवी. आमच्या खात्यात म्हणत, पहिले नव्वद टक्के काम नव्वद टक्के वेळात होतं आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आणखी नव्वद टक्के वेळ लागतो. तेच हे. शिवाय वेगाचा हिशेब थांबताना चुकवायचा असतो. शंभराच्या मानाने दोनशे सत्तरला ब्रेकना सातपट ऊर्जा पचवावी लागते. पळताना मजा, थांबताना सव्याज वसुली.

म्हणून मग जुनं रबर शोधण्याचं सत्र सुरू झालं. जुन्या गाडीत लोखंड लवकर म्हातारं होत नाही, रबर होतं. पेट्रोलचे होजपाइप बदलले, कारण तापलेल्या इंजिनावर एक थेंब पुरतो. टायमिंग बेल्ट बदलला. हा दात असलेला रबरी पट्टा तुटला तर या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची समोरासमोर टक्कर होते, आणि मग होल्बर्टसाहेबांनाही काही करता येत नाही. चाकांच्या रबरी व्हॉल्व्हच्या जागी धातूचे आले. ब्रेक ऑइल सगळं काढून नवं भरलं. ते का, हे मला एका क्षणात कळलं, कारण त्याचा स्वभाव आपल्या मिठासारखा असतो. पावसाळ्यात बरणीतलं मीठ जसं हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, तसंच हे तेल. ताजं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलं की १५५ लाही उकळू शकतं. उकळलं की वाफ, आणि वाफेवर पाय दाबून गाडी थांबत नाही.

आत पोलादी नळ्यांचा पिंजरा आला, खांद्यांवरून येणारे पट्टे आले, आग विझवायचं यंत्र आलं. हेल्मेट आलं, त्यावर 'स्नेल' असा शिक्का. पीट स्नेल नावाचा एक शर्यतपटू १९५६ मध्ये डोक्याला मार लागून गेला. त्याच्या नावाने १९५७ मध्ये निघालेली संस्था हेल्मेटं आपटून-आपटून तपासते आणि मग हा शिक्का देते. हे वाचताना माझी पेन्सिल जरा थांबली. मग मी खूण जरा ठळक केली.

एका कलमाने मात्र घरात खळबळ उडवली. मिठावर चाकं जागच्या जागी फिरतात, पकड मिळत नाही. म्हणून तिथे काही लोक गाडीत मुद्दाम शिसं भरून वजन वाढवतात. सोळाशे किलोच्या गाडीला आणखी वजन! हे ऐकल्यावर सौ.ने त्या दिवशी दुसरा लाडू माझ्या देखत उचलला आणि म्हणाली, "पकड राहते म्हणे."

असं करत करत आम्ही एकशे सात कलमांपर्यंत आलो. स्पर्धा नऊ दिवसांवर. गाडी घोड्यांवर चढवलेली, चारही चाकं काढून जमिनीवर आडवी ठेवलेली, आणि त्यांतल्या एका चाकावर मी बसलेलो. गॅरेजात तीच काय ती गुबगुबीत बैठक. कलम एकशे आठ: टायर. जावईबापू गाडीखालून म्हणाले, "ते ओके आहे बाबा. वाय रेटिंग आहे, तीनशेपर्यंत चालतात. नक्षी बघा ना, नवेच आहेत. गाडीबरोबरच मिळाले." खरंच, नक्षी कोरी होती. नव्या टायरवर असतात ती रबराची बारीक केसंसुद्धा शाबूत.

मी खूण करणार, एवढ्यात यादीत त्याच कलमाखाली एक बारीक ओळ दिसली: तारीख पाहा. टायरच्या अंगावर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पण ते पुष्कळदा एकाच बाजूला असतात, आणि चाक गाडीला लावलं की ती बाजू आत जाते. आत्ता ती वर होती. म्हणजे माझ्या खाली होती. मी उठलो, चष्मा पुसला आणि वाचलं. ३५१२.

२०१२ सालचा पस्तिसावा आठवडा. बाकीची तीन चाकं पाहिली. तेच. म्हणजे हे टायर आमच्या लेकीच्या लग्नाच्याही आधीचे! जावईबापूंपेक्षा ज्येष्ठ!

रबर वापरलं नाही तरी हवेने कडक होत जातं, हे मी दोन महिन्यांत शिकलो होतो. साध्या रस्त्यावरही टायर दहा वर्षांपुढे वापरू नका, असं बनवणारेच सांगतात. आणि दोनशे सत्तरच्या वेगाला चाक सेकंदाला सदतीस वेळा फिरतं. टायरच्या नक्षीतलं एक ग्रॅम रबर त्या वेळी पावणेदोन किलोहून अधिक जोराने बाहेर ओढलं जातं. हे गणित त्यांनीच मला चहाच्या कागदी रुमालावर करून दाखवलं होतं.

मी पुन्हा चाकावर बसलो. गाडीखालून शिट्टी ऐकू येत होती. सात महिने राबलेला माणूस, नऊ दिवस उरलेले, आणि मी सासरा. दुधात मिठाचा खडा टाकायचा तो मी? ऑडिटमध्ये असताना मी साहेबांच्या खर्चावर हरकत घेतलेली आहे, पण साहेब काही माझ्या मुलीचा नवरा नव्हता. अगदी खरं सांगायचं तर पेन्सिल कागदाला टेकलीसुद्धा होती. एक बारीकशी खूण. कुणाला कळलं असतं?

"जावईबापू," मी म्हटलं, "जरा बाहेर येता?"

ते आले. मी काही बोललो नाही, नुसतं बोट ठेवलं. त्यांनी आकडे वाचले. हाताने पुसून पुन्हा वाचले, जणू काही पुसल्यावर ते बदलणार होते. मग बराच वेळ नुसते उभे राहिले.

"नक्षी चांगली आहे हो," मीच कसनुसं म्हटलं.

"हो ना," ते म्हणाले. आणि मग, "बाबा, मी तीन वर्षं त्यावर मुलांना आइस्क्रीम खायला नेतोय."

त्या मापाचे, त्या वेगाचे नवे टायर नऊ दिवसांत मिळेनात. कमी वेगाचे मिळत होते. एक रात्र ते फोनवर फोन करत बसले, आणि सकाळी त्यांनी स्पर्धेतून नाव काढून घेतलं. मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण दोन दिवस चहा पिताना गाडीचा विषय निघाला नाही, आणि मला लाडू गोड लागला नाही. लेकीला कळलं तेव्हा ती काही न बोलता माझ्या पानात पोळीवर तूप जरा जास्त वाढून गेली.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सगळे भाजीच्या गाडीतून मीठ बघायला गेलो. डोळे दिपवणारा पांढरेपणा, आणि त्यावर एकेक गाडी मधमाशीसारखी गुणगुणत क्षितिजाकडे विरघळत जात होती. जावईबापू हाताची घडी घालून बघत होते. सौ.ने इकडेतिकडे पाहिलं, वाकून पायाखालचं चिमूटभर मीठ उचललं, पर्समधून मोहरीची पुडी काढली (परदेशात मोहरी मिळेल न मिळेल म्हणून ती सहा महिने पर्समध्ये होती) आणि भर मैदानात जावयाची दृष्ट काढली. शेजारचा एक दाढीवाला गोरा हेल्मेट काढून आदराने उभा राहिला. त्याला वाटलं, हे तपासणीतलंच एखादं कलम असावं. घरी येऊन तिने ते मीठ-मोहरी तव्यावर टाकलं, आणि मोहरीच्या आधी छताचा धुराचा भोंगा तडतडला.

आम्ही परत आलो. पुढच्या सप्टेंबरात एका संध्याकाळी फोन वाजला. मेसेज नव्हता, नुसते चार फोटो. प्रत्येकात टायरची आतली बाजू, चार आकडे, चारही त्याच वर्षाचे. खाली एक ओळ: 'बाबा, खूण करता का?'

मी कागदावर लाल पेन्सिलीने, चांगली ठळक, खूण केली, तिचा फोटो काढायला नातवाच्या वयाच्या शेजाऱ्याला बोलावलं आणि पाठवला.

मग रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघं टीव्ही लावून, तो न बघता बसलो. फोन आला तेव्हा मी उचलला. जावईबापूंचा आवाज मिठासकट वाऱ्यात उडत होता. "बाबा, दोनशे एकोणपन्नास! मीठ जरा मऊ होतं, आणि इथली हवा विरळ, इंजिनाला कमी मिळते..."

सौ.ने माझ्या हातून फोन काढून घेतला.

"ते राहू दे," ती म्हणाली. "थांबलात ना नीट?"