गाडी वाजते तेव्हा

गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी फोनमध्ये यादी केली.

एक : सकाळी गाडी चालू केली की 'चीं' असा आवाज, दहा-बारा सेकंद.
दोन : पार्किंगमधून बाहेर पडताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की 'टक-टक-टक'.
तीन : हीटर लावला की गोडसर वास. पाक उकळताना येतो तसा.

नऊ वर्षं जुनी छोटी पेट्रोल गाडी, किंमत 2 लाख 80 हजार. माझी सगळी बचत. अण्णा म्हणाले होते, "घ्यायच्या आधी मला दाखव." त्यांनी 31 वर्षं एसटी चालवली आहे. मी दाखवली नाही. म्हटलं, आपण इंजिनियर आहोत, नेटवर चेकलिस्ट आहे. विकणाऱ्याने आत भरपूर परफ्यूम मारला होता. तो का मारला असेल, हा प्रश्न मला पैसे दिल्यावर पडला.

कोडमधला बग शोधताना आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो. इथेही तेच केलं. 'चीं' गाडी उभी असतानाही येते, म्हणजे चाकांचा संबंध नाही. हेडलाइट लावले की वाढते, म्हणजे अल्टरनेटरवर लोड आला की त्याचा पट्टा घसरतोय. 'टक-टक' फक्त वळताना येते, म्हणजे पुढच्या ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. वाकून टॉर्च मारला तर त्याचं रबरी बूट फाटलेलं, चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं. स्वतःवरच खूश झालो.

वास मात्र सापडेना. एसीचा फिल्टर बदलला, तरी तसाच. शेवटी परफ्यूमचाच असेल म्हणून सोडून दिला.

डिसेंबरात अण्णा पुण्याला आले. दोन दिवसांनी त्यांना घेऊन गाडीने साताऱ्याला जायचं ठरलं. निघायच्या सकाळी मी गाडी चालू केली. 'चीं!'

"ऐकलंत?"

"काय?"

"हे काय, चीं होतंय की."

त्यांनी मान तिरकी केली. "नाही बाबा. इंजिन तर बरं वाटतंय."

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हेडलाइट लावले. आवाज इतका चढला की वॉचमनने वळून पाहिलं. अण्णा बॉनेटकडेच बघत होते, शांतपणे.

जुन्या एसटीत इंजिन केबिनमध्येच असायचं, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला. गोंगाटात वर्षं काढली की कानातून आधी बारीक, उंच आवाज जातात. हे मी कुठेतरी वाचलंही होतं. घरी टीव्ही मोठा लावला की मी कुरकुरायचो. फोनवर ते सारखे "काय?" म्हणाले की वैतागायचो. तीन आवाज-वासांची यादी करणाऱ्या मला हे कधी नोंदवावंसं वाटलं नव्हतं.

अण्णा काही बोलले नाहीत. डावीकडचं दार उघडलं, मॅट बाजूला केली, गालिच्यावर तळहात दाबला. बोटं नाकाशी नेली.

"कूलंट." मग पुढच्या काचेवर आतून बोट फिरवलं. तेलकट रेघ उमटली. "हीटरचा कोर गळतोय. बाटली बघ."

बाटलीतली पातळी खालच्या खुणेच्याही खाली होती.

"गेल्या आठवड्यात मी पाणी टाकलं होतं," मी म्हणालो.

"टाकलंस. गेलं कुठं, ते नाही विचारलंस."

खंबाटकीच्या चढाला कूलंट संपलं असतं, तर इंजिन तापून हेड गॅस्केट गेलं असतं. त्याचा खर्च माझ्या आवाक्यातला नव्हता. मी झाकणाला हात घालणार, तेवढ्यात त्यांनी मनगट धरलं. "चालू इंजिनचं झाकण उघडायचं नाही. वाफ तोंडावर येते."

गाडी गॅरेजला टाकली. कोर बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून चार दिवस लागणार होते. आम्ही स्वारगेटहून एसटीने निघालो. घाटात ड्रायव्हरने गिअर टाकला तेव्हा अण्णांनी पायाखालच्या पत्र्यावर बूट टेकवला आणि म्हणाले, "क्लच संपत आलाय."

मी फोन काढून यादीत चौथी ओळ लिहिली : अण्णांचे कान.

त्यांनी स्क्रीन वाचली. "आधी तुझ्या गाडीचं बघ."

"दोन्ही बघू," मी म्हणालो. मग जरा मोठ्याने, त्यांच्या कानाशी वाकून, पुन्हा म्हणालो.