उंदीर पडला की घर सोडायचं



नातीला शाळेत युरोपातल्या १३४७ सालच्या प्लेगचा धडा आहे. तिला वाटतं, हे सगळं फार लांबचं. पण तोच रोग आपल्या मुंबईतही आला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो मांडवीत ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, आणि तिथे आपले जैन व्यापारीही पुष्कळ.

काखेत किंवा जांघेत गाठ, कडक ताप, आणि चार-सहा दिवसांत खेळ खलास. काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई गावाकडे पळाली. १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात तर गोरे सोल्जर झडतीला थेट स्वयंपाकघरात, देवघरात शिरायचे. त्या धाकानं लोक घरातला आजारी माणूस लपवत. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी प्लेगनंच गेल्या.

खेड्यापाड्यात एक शहाणपण होतं. घरात उंदीर मरून पडला की कडीकुलूप लावून माळावर झोपडीत राहायला जायचं. १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं त्यामागचं कारण शोधलं: मेलेल्या उंदराचं अंग गार पडलं की पिसवा त्याला सोडून दुसरं अंग शोधतात. म्हणजे उंदीरही बिचारा आधी रोगी, मग बदनाम.

आता आपला प्रश्न. उंदीर मारायचे म्हटलं की आपला जीव कासावीस होतो. सरकारनं उंदीर मारायची मोहीम काढली तेव्हा अहिंसा मानणाऱ्या घरांपुढेही हाच पेच होता. उकळलेलं पाणी आणि चौविहार यांनी प्लेग टळत नाही, हे स्पष्ट सांगते. पण वासी अन्न ठेवायचं नाही, खरकटं रात्रभर पडू द्यायचं नाही, धान्य झाकून ठेवायचं, हे नियम पाळले की उंदीर घरात वस्तीला येतच नाही. मारायची वेळच येऊ न देणं, हीच तर जयणा.

मी कॉमर्सची, त्यामुळे हिशोबाच्या भाषेत सांगते: आधीची खबरदारी हा खर्च नव्हे, ती शिल्लक आहे. आपली भिवंडी आज गोदामांचं गाव झाली आहे. एवढा माल जिथे साठतो, तिथे कोपरे झाडणारा माणूसही मालकाइतकाच महत्त्वाचा. त्याला हातमोजे द्या, वेळेवर पगार द्या. तीही जीवदयाच.