दर्या की दऱ्या

दिवाळीच्या सुट्टीत माळा आवरताना जुना संगणक खाली काढला, तो भंगारात द्यायला नव्हे. त्याच्या पोटात आईच्या ओव्या होत्या.

२००२ साली एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी एक प्रकल्प करायचा होता. आईने आपल्या आईच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या एका दोनशे पानी वहीत उतरवून ठेवल्या होत्या. त्यांतल्या चारशे बारा ओव्या मी त्या संगणकावर टंकल्या, चार पानांची प्रस्तावना जोडली आणि प्रकल्प देऊन मोकळी झाले. वही पुढे २०११मध्ये घर बदलताना रद्दीत गेली. ती कोणी घातली हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही (मीच घातली). २०१६ला आई गेली. विभागात दिलेली छापील प्रत मागायला गेले, तर असे प्रकल्प ठरावीक वर्षांनंतर नष्ट करतात असे समजले. उरला हा संगणक.

चारशे ओव्यांचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रभरच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. आईच्या बहुतेक ओव्यांची सख्खी-चुलत भावंडे तिथे सापडतील. हे मला कळते. पण आपल्या आजीचा शब्द नेमका कोणता होता, हे लाखांच्या संग्रहातून कळत नाही.

बटण दाबले. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला आणि आतून लांब, थांबून थांबून येणारा एक बीप सुरू झाला. माझा एक माजी विद्यार्थी गावात संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो. पदवी मराठीची, तिच्यावर पोट भरेना म्हणून हा उद्योग. त्याला फोन केला. "मॅडम, तो बीप रॅमचा असणार. काही विकत आणू नका. खोडरबर आहे ना घरी?" मला वाटले, चेष्टा करतो आहे. संध्याकाळी तो आला, रॅमची पट्टी अलगद उपसली आणि तिच्या कडेचे सोनेरी दात साध्या शाळकरी खोडरबराने घासून पुसले. वर्षानुवर्षांचा मळ त्या दातांवर बसतो, खाचेतला संपर्क तुटतो आणि यंत्राला आपल्याला स्मृती आहे याचाच पत्ता लागत नाही. पट्टी परत बसवली. बीप थांबला.

पडद्यावर तारीख आली १ जानेवारी २००२. मी दचकले. तो म्हणाला, "सेल संपलाय." मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा तीन व्होल्टचा एक चपटा सेल असतो. संगणक बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणे आणि मूळ जोडण्या लक्षात ठेवणे ही दोन कामे त्याच्या जोरावर चालतात. तो संपला की यंत्र आपल्या घडणीच्या सुमाराच्या कुठल्यातरी तारखेला परत जाते. नवा सेल फार तर एका चहा-भज्यांच्या किमतीत आला. पण विंडोज ९८ काही सुरू होईना. मी अधीर होऊन सुचवले, की केबल, सेल, सेटिंग सगळेच एकदम बदलून बघू. त्यावर तो जे बोलला ते मी पाठचिकित्सेच्या तासाला सांगायचे ठरवले आहे: "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मॅडम. सगळं एकदम बदललं तर चालू होईलही, पण बिघडलं काय होतं ते कधीच कळायचं नाही."

जुन्या हस्तलिखितांच्या बाबतीत हाच नियम आहे आणि तोही असाच मोडला जातो. लिपिकाराने एक अक्षर चुकवले, पुढच्याने त्या चुकीला अर्थ यावा म्हणून शेजारचा शब्द बदलला, तिसऱ्याने वृत्त बसावे म्हणून आणखी एक. ओळ निर्दोष दिसते. मूळ मात्र हाती लागत नाही. असो.

शेवटी हार्ड डिस्क बाहेर काढली. चाळीस टाचण्यांची रुंद पट्टीची केबल घेणारी ही डिस्क आजच्या लॅपटॉपला थेट जोडता येत नाही. एका टोकाला यूएसबी असलेला जोडक लागतो आणि डिस्कला वेगळा वीजपुरवठा द्यावा लागतो. तो द्यायला विसरले की डिस्क मेली असे वाटते. आम्ही विसरलो होतो. दहा मिनिटे घरात सुतक होते. मग त्याच्या लक्षात आले, त्याने प्लग लावला आणि डिस्क फिरू लागल्याचा बारीक आवाज आला. त्याने सगळ्यात आधी काय केले असेल, तर एकही फाइल न उघडता पूर्ण डिस्कची प्रत काढली. जुन्या डिस्कला आयुष्य किती उरले आहे ते सांगता येत नाही. जे श्वास आहेत ते वाचण्यात नाही, उतरवून घेण्यात खर्च करायचे.

फाइल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरे, तिरके कंस आणि डॉलरची चिन्हे यांची रांगच्या रांग. चारशे बारा ओव्यांत एक अक्षर देवनागरी नाही.

यात बिघाड काहीच नव्हता, आणि हेच समजायला मला सर्वांत वेळ लागला. त्या काळी आमच्याकडे जे मराठी टंक वापरले जात, त्यांत संगणकाच्या लेखी साठवली जात होती रोमन अक्षरेच. टंक एवढेच करी, की त्या प्रत्येक अक्षराच्या जागी एक देवनागरी आकृती काढून दाखवी. कुठे अर्धा त, कुठे नुसता काना, कुठे वेलांटी. म्हणजे आम्ही मराठी लिहीत नव्हतो, मराठीची चित्रे मांडत होतो. टंक काढून घेतला की चित्र पुसले जाते आणि मागचा कोळसा दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरी पहिल्या आवृत्तीपासून, १९९१पासून आहे; विंडोज २०००मध्ये तिची सोयही झाली होती. पण आमच्या संगणकावर विंडोज ९८ होते, आणि डीटीपीवाले ज्या टंकात काम करत त्याच टंकात सगळे गाव काम करी.

सुदैवाने टंकाची फाइल त्याच डिस्कवर होती. ती लॅपटॉपवर बसवली आणि एका क्षणात सगळी पाने देवनागरी झाली. मी रडले, हे कबूल करते. माझा विद्यार्थी खिडकीबाहेर बघत राहिला.

पण हे मराठी त्या एका लॅपटॉपपुरते. मावशीच्या नातवाच्या मोबाइलवर पाठवले की पुन्हा डॉलर आणि कंस. म्हणून युनिकोडमध्ये रूपांतर करणे आले. त्यासाठी फुकट मिळणारी साधने आहेत, आणि बरेचसे काम ती करतात. अडतात ती ठरलेल्या जागी. जुन्या टंकात पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी, अक्षराच्या आधी टंकली जाई. युनिकोडमध्ये ती उच्चारात येते तशी, व्यंजनानंतर साठवली जाते. साध्या अक्षरात रूपांतरक तिची जागा बदलतो, जोडाक्षर आले की गोंधळतो आणि 'स्थिती'ची 'सि्थती' करतो. अशा दीडेकशे जागा मी हाताने दुरुस्त केल्या. कंटाळवाणे काम, पण त्यात धोका नाही. चूक झाली आहे हे तरी दिसते.

धोका निघाला रफारात. 'वार्यावर', 'सासर्याला', 'दुसर्या'. जिथे जिथे 'ऱ्या' हवा, तिथे तिथे रफार. मी रूपांतरकाला दोष देऊन मूळ फाइल पाहिली. तिथेही रफारच. मग आठवले. त्या टंकात हा अर्धा र काढायला ऑल्टची कळ दाबून एक चार आकडी क्रमांक द्यावा लागे. तो क्रमांक मला माहीत नव्हता आणि विचारायला जायचा कंटाळा होता. मी सरसकट रफार दिला आणि छापील प्रतीवर शाईच्या पेनाने एकेक 'ऱ्या' सुधारला. तीच ती प्रत, जी नष्ट झाली. व्याकरणाच्या तासाला 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक सांगून दरवर्षी हमखास हशा मिळवणारी बाई ती हीच.

(जाता जाता एक उपयुक्त गोष्ट. युनिकोडमध्येही हा 'ऱ्या' दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेल्या ऱ-ला हलन्त देऊन, किंवा साध्या र-ला हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडक देऊन. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. समोर दिसणारा शब्द शोधूनही सापडत नसेल, तर यंत्राला शिव्या घालण्याआधी हे पाहावे.)

'वाऱ्यावर', 'सासऱ्याला' हे सुधारणे सोपे होते. तिथे दुसरा शब्द संभवतच नाही. एकच ओवी उरली. भाऊ दिवाळीला बहिणीला न्यायला निघाला आहे, आणि तो येतो काय ओलांडून? फाइलमध्ये आहे 'दर्या'. तो समुद्र आहे, की माझ्या आळशी रफाराखाली दबलेल्या 'दऱ्या' आहेत?

आजीचे माहेर कोकणात, सासर घाटावर, जावळीत. माहेराहून भाऊ यायचा तर घाट चढून, दऱ्या ओलांडून येणार, शंकाच नको. पण आजीचा भाऊ मुंबईच्या गोदीत होता. तो आगबोटीने दाभोळला उतरे आणि तिथून वर येई. त्याने दर्याही ओलांडला, दऱ्याही. संहिताशास्त्र सांगते की दोन पाठांपैकी अवघड तो निवडावा, कारण लिपिकार अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड करत नाही. इथे लिपिकार मी आहे, आणि मी दोन्हींचे एकच केले.

मावशीला फोन केला. ती ब्याऐंशीची आहे, ऐकू कमी येते. मी दोन-तीनदा विचारले, दर्या म्हणायचीस की दऱ्या. लिहिताना फरक उघड आहे, बोलतानाही आहे. एकात द-वर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. ती म्हणाली, "अगं, असं नुसतं कसं सांगू? म्हणूनच बघते." आणि तिने फोनवर ओवी म्हटली. जात्याच्या ओढीवर तो शब्द तिने सोडवून लांबवला: 'दरियाऽ'. जोडाक्षरच उरले नाही, आघात कुठला बघता!

"मग मावशी, म्हणजे समुद्रच ना?"

"समुद्र कुठला गं जावळीत?" ती म्हणाली. थोडा वेळ थांबली. "पण मामा बोटीनंच यायचा."

मी ओवीत फाइलमधला 'दर्या' तसाच ठेवला, खाली तळटीप दिली आणि तीत 'दऱ्या' लिहून आपली चूक नोंदवली. सगळ्या ओव्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवून तिच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या. एक प्रत कागदावर, मोठ्या टायपात छापून मावशीला पाठवली. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. बाविसावी ओवी आईची नाही, तिची आहे, आणि तिच्या नावाने टाकावी.