विहिणीचा मानपान



परवा छाटणी चालू होती तेव्हा रस्त्याने जाणारे दोघे थांबले. म्हणाले, तात्या, ही थॉमसनही नाही, सोनाकाही नाही, मण्यात बी आहे आणि घड मुठीएवढा. मग ठेवली कशाला? बांधावर उभं राहून काय काय सांगणार, म्हणून आज सविस्तर लिहितो.

जातीचं नाव व्हिओनिए. पांढऱ्या वाईनची फ्रान्सची जात. काडी आणली तेव्हा चिठ्ठीवरचं इंग्रजी स्पेलिंग वाचून मी वर्षभर 'व्हिओग्निअर' म्हणत होतो. पुतण्या कृषी पदवीधर, त्याने उच्चार दुरुस्त केला. छाटणीच्या टोळीतल्या बायांनी तो ऐकला आणि त्या म्हणायला लागल्या 'विहिणी'. तेच नाव पडलं. पाच वर्षं सांभाळल्यावर वाटतं, बरोबरच पडलं. हिला मानपान लागतो, आणि जरा कमी-जास्त झालं की रुसवा.

आधी जुनं सांगतो, म्हणजे भीती कळेल. २००१ साली सरकारचं वाईनचं धोरण आलं, आपल्या दिंडोरी-निफाड भागात लोकांनी वाईनची द्राक्षं लावली. मीही २००६ ला दोन एकर शिराज लावली. वडील माळकरी, ते दोन महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत. दारूची द्राक्षं दारात नको, एवढंच म्हणणं. दोन-तीन वर्षं बरी गेली. २००९ ला मंदी आली, कंपनीचा फोन उचलेना. माल वेलीवर सुकला. खायच्या द्राक्षाला गिऱ्हाईक नसलं तर बेदाणा तरी करता येतो. हिच्यात बी, गर कमी, कातडी जाड, कोण घेणार? बाग उपटली तेव्हा वडील काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

मग परत का लावली? थॉमसनच्या डिपिंगला, विरळणीला मजूर मिळेना आणि जीएचा खर्च परवडेना. आता दुसऱ्या एका कंपनीने लेखी करार दिला. २०२० च्या उन्हाळ्यात एक एकरावर डॉगरिज लावला, पावसाळा संपता कलम भरलं. आठ बाय चार, उभी तारेची मांडणी, साधारण साडेतेराशे झाडं. एकच एकर. जास्त नको, असं आमच्या सौ. म्हणाल्या आणि ते मी ऐकलं.

पुतण्याने हिची माहिती काढली, ती मला भावली. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या काठी काँद्रियू गाव आहे, तिथल्या डोंगरउतारावरची ही जात. उतार इतका की दगडी ताली घालून झाडं लावायची आणि सगळं काम हाताने. उत्पादन कमी, भुरी लवकर, फळधारणेचा भरवसा नाही. एकेक करून शेतकऱ्यांनी सोडून दिली, आणि १९६० च्या सुमारास त्या सगळ्या भागात थोडेच एकर उरले होते. जॉर्ज व्हर्ने म्हणून एक बागायतदार होते, त्यांच्यासारख्या थोड्यांनी धरून ठेवली, म्हणून आज ती जगभर गेली. तिकडेही माणसं कंटाळूनच गेली होती म्हणायची. शेजारच्या भागात लाल वाईनसाठी शिराज असते, त्यात ही थोडी मिसळायची जुनी रीत आहे. म्हणजे मी २००९ ला उपटली त्या शिराजचीच ही शेजारीण.

आता शेतातलं. पहिली चूक माझ्या हाताची. थॉमसनची सवय म्हणून मी शेंडा मारून, फेलफूट काढून, घडाभोवतीची पानं दोन्ही बाजूंनी साफ केली. पश्चिमेकडचे मणी दुपारच्या उन्हाने तांबूस झाले, चट्टे पडले. आता सकाळच्या बाजूची पानं काढतो, दुपारच्या बाजूची ठेवतो. हवा खेळली नाही तर भुरी ठेवलेलीच, म्हणून पूर्वेकडची मात्र काढावीच लागतात. गंधक मी पाणी उतरायच्या आधीपर्यंतच मारतो. उशिरा मारलेलं गंधक मण्यावर राहिलं तर रस आंबताना सडक्या अंड्याचा वास येतो, हे कंपनीच्या वाईनवाल्या साहेबांनी समजावलं. खायच्या मालात हा विचार कधी डोक्यात आला नव्हता.

दुसरी गोष्ट मोठी, तिच्यासाठीच हे लिहितोय. खुडा कधी करायचा?

आपण साखर मीटरवाले. मणी दाबला, थेंब टाकला, आकडा बघितला, व्यापाऱ्याला फोन. पहिल्या पिकाला मी तेच केलं. २१.५ ला गाडी भरली. साहेबांनी रस नाकाशी नेला आणि म्हणाले, साखर आहे हो, पण हिचा वासच नाही, ही कोणतीही पांढरी द्राक्षं असू शकतात. पैसे मिळाले, पण त्यांचा चेहरा बघून मला कळलं की काम झालेलं नाही.

दुसऱ्या वर्षी ठरवलं, थांबायचं. फेब्रुवारीत ऊन तापलं आणि साखर पळत सुटली. चार दिवसांत २४.५. मी खूश. प्रयोगशाळेत आंबटपणा गेलेला, पीएच ३.८ निघाला. वास होता पण रस मचूळ, चपटा. करारात ५५ रुपये किलो होते, कापून ३२ दिले. ३,४०० किलोचे १,०८,८०० रुपये, आणि खर्च १,१२,०००. त्या रात्री २००९ आठवलं. सौ. काही म्हणाल्या नाहीत, ताट वाढलं आणि बाहेर जाऊन बसल्या.

तेव्हा उमगलं ते असं. साखर, आंबटपणा आणि वास ही तीन माणसं एका वेळी घरी येत नाहीत. थॉमसनला फक्त साखरेची वाट बघायची असते. हिचा वास सगळ्यात शेवटी येतो, आणि तो येतो तेव्हा आंबटपणा दाराबाहेर पाऊल टाकत असतो. मध्ये चार-पाच दिवस मिळतात. तेवढ्यातच पकडायचं. आणि वास मोजायचं मीटर शेतकऱ्याकडे नाही.

मी पित नाही. वडिलांची माळ आता माझ्या गळ्यात आहे. साहेबांनी एकदा काच पुढे केली, मी वास घेऊन परत ठेवली. मग जात ओळखायची कशी? मणी खाऊनच. तिसऱ्या वर्षी पाणी उतरल्यावर तीन आठवड्यांनी रोज सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत, वीस झाडांचे वरच्या-खालच्या घडांतले मणी काढायचो. गर थुंकायचा, कातडी चावत राहायची. बी फोडून बघायचं, हिरवं की तपकिरी. बरेच दिवस कातडी नुसती गवतासारखी लागली. मग काकडीसारखी. वहीत तारीखवार लिहीत गेलो, कोणी हसलं तर हसो.

कंपनीने खुड्याची तारीख दिली त्या दिवशी साखर २२.४. कातडीत काहीच नाही. मी चार दिवस मागितले. फील्डवरचा मुलगा म्हणाला, तात्या, टाकीची वेळ ठरलेली असते, पुन्हा नंबर लागेल याची खात्री नाही. पोरगा खोटं बोलत नव्हता. पोटात गोळा आला. तरी म्हटलं, गाडी नको पाठवू.

तिसऱ्या दिवशी सौ. चहा घेऊन बागेत आल्या. त्यांचं माहेर जालन्याकडचं, मोसंबीच्या बागेत वाढलेल्या. मी चार मणी हातावर ठेवले. त्यांनी कातडी चावली, थांबल्या, आणि म्हणाल्या, "अहो, आंबिया बहार फुटल्यावर आमच्या मळ्यात सकाळी असाच वास सुटायचा." मी परत खाल्लं. त्यांनी सांगेपर्यंत मला ते ओळखता आलं नव्हतं. मागून जर्दाळूसारखं काहीतरी, तेही होतं. लगेच फोन लावला. दोन तास कोणी उचलला नाही, मला काय वाटलं असेल ते लिहीत नाही. शेवटी दुसऱ्या दिवशी पहाटेचा नंबर मिळाला. डोक्याला बॅटऱ्या बांधून चारला सुरुवात, आठच्या आत क्रेट गाडीत. माल थंड गेला पाहिजे, उन्हात तापला की वास वाटेतच उडतो.

साखर २३.२, पीएच ३.५. पूर्ण दर. ३,२०० किलोचे १,७६,००० आले, खर्च वजा जाता ६४,००० राहिले. चांगल्या वर्षी थॉमसन याहून जास्त देतो, हे लपवत नाही. पण थॉमसनचा खर्च आणि मजुरांमागची धावपळही धरा. ज्यांना टनावर पैसे हवेत त्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये. लेखी करार नसेल तर अजिबात नको, मग जात कोणतीही असो. आणि माझं कंपनीवाल्यांना म्हणणं आहे, दर नुसत्या साखरेवर ठरवू नका. साखर वाढवणं सोपं आहे, आम्ही पाणी तोडून वाढवू. तुम्हाला जे पाहिजे ते त्यात नसतं.

यंदा एक बदल केलाय. सगळी बाग एका दिवशी छाटली नाही. अर्धी १५ सप्टेंबरला, उरलेली आठ दिवसांनी. म्हणजे माल दोन टप्प्यांत येईल, एक नंबर हुकला तर निम्मा तरी हाताशी राहील. पहिल्या ओळींना पेस्ट लावून झाली. मागच्या वेळी डोळे मागे-पुढे फुटले होते, एकाच झाडावर पोंगाही आणि चार पानांची फूटही. यावर कोणी काही वेगळं केलं असेल तर जरूर कळवा, विशेषतः डॉगरिजवर कलम असलेल्यांनी.

एक अडचण आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सौ.च्या माहेरी लग्न निघालंय आणि त्यांना आठ दिवस आधी जायचंय. मी म्हटलं, दोन दिवस आधी जा. अजून उत्तर आलेलं नाही.