ळ कुठे बसवायचा?

मंडळी, आजचा विषय जरा वेगळा आहे. संगणक शब्दांची क्रमवारी कशी लावतो, हा. भाचा त्याच क्षेत्रातला. त्याला पिडून जे समजलं, ते माझ्या भाषेत लिहिते.

हजार चिठ्ठ्यांवर हजार शब्द आहेत. एक रीत म्हणजे दोन-दोन चिठ्ठ्या शेजारी धरून कोण आधी, कोण नंतर ते ठरवत बसायचं. दुसरी रीत आम्हा मास्तरणींची. पहिल्या अक्षराप्रमाणे ढीग करायचे, मग प्रत्येक ढिगात दुसऱ्या अक्षराप्रमाणे, मग तिसऱ्या. तुलना करावीच लागत नाही. बीएसडी नावाच्या संगणक प्रणालीत 'रॅडिक्ससॉर्ट' म्हणून एक तयार फंक्शन आहे, ते हेच करतं. पीटर मॅकिलरॉय, कीथ बॉस्टिक आणि डग्लस मॅकिलरॉय यांनी १९९३ साली या पद्धतीवर निबंध लिहिला. ढीग लहान झाला की ते साध्या रीतीकडे वळतं. आपणही पाच-सहा चिठ्ठ्या नुसत्या नजरेनेच लावतो की! त्याचं एक भावंडही आहे, 'एसरॅडिक्ससॉर्ट'. ते थोडी जास्त जागा घेतं, पण दोन चिठ्ठ्यांवर एकच नाव असेल तर त्यांचा मूळचा क्रम मोडत नाही.

आता खरी गंमत. संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याला बाइट दिसतात, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे. आपलं एकेक अक्षर युटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं. पहिला बाइट सगळ्यांचाच २२४, म्हणजे पहिल्या फेरीत सगळ्या चिठ्ठ्या एकाच ढिगात! व्यंजनांचा दुसराही सारखाच, १६४. ओळख पटते ती तिसऱ्यावर. ल १७८, ळ १७९, व १८१, ह १८५.

म्हणजे ळ बसला ल च्या मांडीला मांडी लावून. युनिकोडचा देवनागरी तक्ता १९८८ च्या 'इस्की' या भारतीय प्रमाणावर बेतलेला आहे, आणि तो एकट्या मराठीसाठी नाही. पण आपण मुलांना काय शिकवलं? य र ल व श ष स ह ळ क्ष ज्ञ. नुसत्या बाइटांनी लावलं तर काल, काळ, कावळा, कास, काहूर असा क्रम येतो. वर्णमालेप्रमाणे 'काळ' सगळ्यात शेवटी हवा. ह च्या पुढे शोधणाऱ्याला तो सापडणारच नाही.

या फंक्शनची मला आवडलेली गोष्ट अशी की, ते स्वतःचा क्रम लादत नाही. २५६ वजनांचा एक तक्ता आपण त्याच्या हाती देऊ शकतो. इंग्रजीवाले त्यात मोठ्या आणि छोट्या 'ए'ला सारखंच वजन देतात. आपण १७९ ला १८५ चं वजन द्यायचं आणि १८० ते १८५ यांना एकेक पायरी खाली सरकवायचं. मराठी मजकुरापुरता ळ आपल्या जागी, ह च्या नंतर!

क्ष मात्र असा बसत नाही. संगणकाच्या लेखी तो क, हलन्त आणि ष. तो क च्याच घरात राहतो. त्याला एकेका बाइटाचं वजन पुरत नाही, तिथे भाषेचे नियमच सांगावे लागतात. आणि ते सांगायचे तर आधी आपल्यालाच ठाऊक हवेत, आपल्यात एकमत हवं.

असो. वरचे पाच शब्द तुमच्या संगणकावर क्रमाने लावून बघा. ळ कुठे बसला, ते मला जरूर कळवा.